कुंडीतील गुळवेल आणि आपला सल्ला

‘घरी एक गुळवेल लावा,’ असे आपण वैद्यमंडळी रुग्णांस सहज सांगतो. ती ओळखावी कशी, हे मात्र क्वचितच सांगतो. २०२१ साली मुंबईतील काही डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य करताना, टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा पोटात गेली असण्याची शक्यता दर्शविली. त्या वादात आम्ही शिरत नाही. परंतु रोपवाटिकेतील चिठ्ठीवर विसंबून लावलेल्या वेलीचा काढा आपल्या शब्दाखातर जो रोज घेतो, त्याचे उत्तरदायित्व आपल्याकडेही येते.

क्रिस्पाच्या खोडावर पुटकुळ्यांसारखे ठळक उंचवटे असतात; गुळवेलीची साल कागदासारखी पातळ सुटते. चक्राकार छेद सजातीय वेलींतही दिसतो, तेव्हा ‘चक्रलक्षणिका’ या पर्यायनामावरच भिस्त ठेवू नये.

तुळस पावसाळ्यात मरते, कोरफड कुजते, ही गाऱ्हाणीही आपल्याच कानी येतात. बहुधा कुंडीचे छिद्र बुजलेले असते, किंवा निव्वळ काळी माती भरलेली असते. त्यावर औषध फवारण्यापूर्वी (आणि ती पाने उद्या पोटात जाणार आहेत!) कुंडी उलटून पाहावी.

औषधनिर्मात्या बंधूंनी कच्च्या मालाची जशी पारख करावी, तशीच घरच्या वेलीचीही व्हावी. आमच्या दवाखान्याच्या कुंपणावरील पारखलेल्या वेलीची वीतभर कांडी आम्ही रुग्णांस लावण्यास देतो. ज्यांच्या घरी आधीच वेल आहे, त्यांस पानांसह फांदी आणावयास सांगतो. ती पाहिल्यावाचून काढा सांगत नाही.