बालांगिगाच्या घंटा

विजेत्यांच्या लेखणींत शब्दांचे अर्थ कसे पालटतात, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं फिलिपाइन्समधील सामार बेटाच्या किनाऱ्यावरील बालांगिगा या नारळ व मासळी यांवर जगणाऱ्या लहानशा गांवाकडे पाहावें. १९०१ सालीं तेथें अमेरिकन पलटणीची एक तुकडी येऊन बसली. तिनें गांवच्या पुरुषांस तंबूंत कोंडून वेठीस धरिलें व त्यांचें धान्य हिरावून घेतलें. २८ सप्टेंबरच्या सकाळीं चर्चची घंटा वाजली आणि गांवकरी कोयते घेऊन उठले. सुमारें ४८ शिपाई मेले. याचें नांव अमेरिकन ग्रंथांत 'कत्तल'! पुढें जनरल जेकब स्मिथ यानें दहा वर्षांवरील प्रत्येकास ठार करण्याचा हुकूम सोडला. १९०२ सालीं त्यास केवळ समज व सक्तीची निवृत्ति मिळाली. त्या सूडाचें नांव मात्र 'मोहीम'!

लुटून नेलेल्या तीन घंटा डिसेंबर २०१८ मध्यें गांवास परत मिळाल्या. आतां जुनें उकरून काय मिळवावयाचें, असें कोणी विचारतील. आमचें उत्तर स्पष्ट आहे. लुटीचा माल धन्यास परत करणें हें औदार्य नव्हे. आणि घंटा परतल्या तरी शब्द अद्याप परतला नाहीं. ज्यांच्या वाडवडिलांनीं १८५७ चा संग्राम 'शिपायांचें बंड' म्हणून शाळेंत घोकला, त्या आम्हांस तरी हें सांगावें लागूं नये. आमच्या घरांतील मुलांनीं हा इतिहास वाचतांना 'कत्तल' कोणाची, एवढें विचारावें. बालांगिगाच्या मृतांचें तेवढें ऋण आम्हांवरही आहे.