ऐकत नाही, की ऐकू येत नाही?



"ही मुद्दाम ऐकत नाही हो ताई!" मतिमंद स्त्रियांच्या एका निवासी संस्थेत तिथल्या मावशी मला सांगत होत्या. ती तिशीची बाई हाकेला वळत नसे, जेवणाच्या घंटेला उठत नसे. मागून कुणी दंड धरला की ओरबाडायची. कागदावर शेरा होता, 'हट्टी, आक्रमक'. तिचे कान मात्र कुणीच तपासले नव्हते. आम्ही तपासून घेतले, तेव्हा दोन्ही कानांत मळ आणि त्यामागे बहिरेपण निघाले.

डाउन सिंड्रोम असलेल्यांत ऐकण्याचे दोष सर्रास आढळतात. बेरा तपासणीत तर तिने काही उत्तर देण्याचीही गरज नसते. तरीही एकदा 'मतिमंद' म्हटले की पुढचा शोधच थांबतो.

हा आपला प्रश्न का? १९९४ साली शिरूरच्या सरकारी संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये ससून रुग्णालयात काढली गेली, तेव्हा स्त्री-संघटना रस्त्यावर उतरल्या. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण पुढे केले होते. पण ती त्यांना शिकवायची कुणी आणि कोणत्या भाषेत? हा प्रश्न आजही तसाच आहे. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीत विशेष शिक्षक किंवा दुभाषा मिळण्याची तरतूद २०१२ आणि २०१३ च्या कायद्यांनी केली. परंतु जिला 'नको' म्हणायची खूणसुद्धा कधी कुणी दिली नाही, ती दुभाषाला काय सांगणार?

ही भाषा रोजच्या कामातूनच येते. समोर जाऊन, उजेडात, तोंड दिसेल असे बोलायचे. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. अंघोळीआधी टॉवेल दाखवायचा. सगळ्या पाळ्यांतल्या मावशींनी एकच खूण वापरायची. श्रवणयंत्राचा सेल रोज पाहायचा. अंगाला हात लावण्यापूर्वी तिला कळू द्यायचे. हे मावशींना कुणी शिकवलेलेच नाही. त्याही बायकाच, कंत्राटावर, तुटपुंज्या पगारात एकटीने कितीतरी जणींचे करणाऱ्या. त्यांना दोष देऊन आपण मोकळ्या होऊ शकत नाही. काळजी घेणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारवर टाकली आहे. ते प्रशिक्षण कामाच्या वेळेत, पगारी आणि कर्णबधिर स्त्रियांच्या सहभागाने व्हावे, ही आपली मागणी हवी.

आपल्या गावातल्या संस्थेत एकदा जाऊन या. तीनच प्रश्न विचारा: इथल्या बायकांचे कान शेवटचे कधी तपासले? मावशींना कुणी, काय शिकवले? आणि इथल्या बाईला 'नको' म्हणायचे असेल, तर ती ते कसे म्हणते?