आठ वर्षं एका घोटात?

विषय बघून रेक्टर सरांच्या भुवया उंचावतील, म्हणून आधीच सांगतो. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. तेव्हा हॉस्टेलमधल्या बहुतेकांसाठी हा थिअरीचा पेपर. प्रॅक्टिकल नंतर, आणि तेही कंपल्सरी नाही!

माझा राग आहे तो ‘शॉट’वर. हातावर मीठ, तोंडात लिंबाची फोड, डोळे मिटून गट्टम. यात चव कुठे येते? शिवाय दारू रक्तात चढायला वेळ लागतो. ‘काहीच होत नाही यार’ म्हणत गडी पाचवा ग्लास रिकामा करतो, तोवर पहिले चार कामाला लागलेले असतात. पुढची कथा तुम्हाला माहीत आहेच.

टकिला होते निळ्या अगावेपासून, म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताच्या भावकीतल्या झाडापासून. ते शेतात सहा-आठ वर्षं वाढतं. मग पानं छाटून आतला गड्डा वाफेवर शिजवायचा, म्हणजे इन्युलिनची साखर होते. पुढे आंबवणं आणि सहसा दोनदा डिस्टिलेशन. खरी मजा त्यानंतर, ओकच्या पिंपात. दोन महिने मुरली की ‘रेपोसादो’, वर्षभर मुरली की ‘अन्येहो’. तीन वर्षांच्या ‘एक्स्ट्रा अन्येहो’ला २००६ मध्ये वेगळा वर्ग मिळाला. अन्येहोचं पिंप ६०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही. का? केमिकलवाल्यांनी हात वर करावेत! पिंप लहान, तर दर लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग जास्त. जळवलेल्या लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन येतं, टॅनिन उतरतं, रंग चढतो. बरीच पिंपं अमेरिकेतल्या बर्बनची वापरलेली असतात, कारण तिथे बर्बनला दरवेळी नवं पिंप लागतं.

शिकवायला येण्याआधी नोकरीनिमित्त मी ग्वादालाहाराला होतो. टकिला गाव तिथून साठेक किलोमीटरवर. तिथली जाणती मंडळी एक छोटा ग्लास तासभर पुरवतात. पोट रुंद, तोंड निमुळतं असा ग्लास घ्यायचा, नाक जरा लांब ठेवायचं (आत खुपसलंत तर नुसता अल्कोहोल झोंबेल), मग चमचाभर घोट जिभेवर फिरवायचा. आधी शिजलेला अगावे सापडला पाहिजे, साधारण भाजलेल्या रताळ्यासारखा. मग व्हॅनिला, दालचिनी, शेवटी लाकूड.

आणि इथे माझं मत जरा उलटं आहे. जास्त जुनी म्हणजे जास्त चांगली, हे मला पटत नाही. एक्स्ट्रा अन्येहोत अनेकदा लाकूडच बोलतं, अगावे गप्प. डोळे बांधून दिली तर व्हिस्की म्हणाल! मग एवढे पैसे कशाचे? मला रेपोसादो बरी वाटते. झाडही कळतं, पिंपही कळतं.

गडद रंगाला तर मुळीच भुलू नका. कॅरॅमल, ओकचा अर्क, ग्लिसरीन, साखरेचा पाक हे सगळं मिळून वजनाच्या एक टक्क्यापर्यंत घालायला नियमात मुभा आहे, लेबलवर न सांगता. म्हणजे रीडिंग ‘अ‍ॅडजस्ट’ करून जर्नल सबमिट केल्यासारखंच! लेबलवर ‘१०० टक्के अगावे’ लिहिलं नसेल, तर ४९ टक्क्यांपर्यंत साखर दुसऱ्याच कशाची तरी, बहुधा उसाची, असू शकते. बाटलीवर एनओएम नंबरही असतो, त्यावरून नेमकी कुठल्या कारखान्यात बनली ते कळतं. मी तो आधी बघतो, किंमत नंतर.