डिफ्रेन्शिअलचं ऑईल: आधी वरचा नट, मग खालचा

इंजिनात ऑईलचा दाब कमी झाला तर समोर लाल दिवा लागतो. डिफ्रेन्शिअलच्या ऑईलला दिवा नाही, मोजायची पट्टीही नाही. म्हणून ते विसरलं जातं. मागून घूं घूं आवाज यायला लागतो, तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

पेठ, कुरवंडी, भावडी या सातगाव पठारावरच्या गावांत पावसाळा संपता संपता बटाटा काढणी सुरू होते. शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंत नुसता चिखल. ज्या घरात फोरव्हील जीप किंवा कॅम्पर आहे, त्यांना तेव्हा भाड्याला तोटा नसतो. नेमका त्याच दिवसांत क्राऊन-पिनियन गेला, तर हंगामाची कमाई गॅरेजात जाते. एक-दोन लिटर ऑईलचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

फोरव्हील गाडीला डिफ्रेन्शिअल दोन असतात, पुढे एक आणि मागे एक. ट्रान्सफर केसचं ऑईल आणखी वेगळं. गॅरेजवाला "ऑईल बदललं" म्हणाला, तर कुठलं ते विचारा. पुढचं बहुतेक वेळा राहून जातं.

तपासायला गाडी थोडी फिरवून आणा, सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करा, चाकांना दगड लावा. एकच बाजू जॅकवर उचलून पाहू नका, पातळी चुकीची दिसते. मग आधी वरचा, भरायचा नट सैल होतो का ते पाहा. खालचा त्यानंतरच. वरचा गंजून बसला असेल आणि खालून ऑईल सोडून दिलं, तर गाडी तिथेच अडकते. मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं नसेल, तर ऑईल वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. बोट वाकवून आत घातलं की कळतं.

ओढ्यातून गाडी काढली असेल तर जास्त लक्ष द्या. चालून तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात बुडालं, की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढते. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर किलोमीटर मोजत बसू नका, लगेच बदला. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर साफ करा. काही जण त्याला नळी जोडून वर नेतात, ते चांगलंच. नटाला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी मऊ लेप बसतोच, त्याला घाबरू नका. लोखंडाचे तुकडे आले तर मात्र हाउसिंग उघडावंच लागेल.

आता डबा कुठला घ्यायचा? त्यावर दोन गोष्टी वाचा. ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० हा घट्टपणाचा आकडा. दुसरा ऑईल जास्त घट्ट, ओझ्याच्या आणि गरमीच्या कामाचा. पण घट्ट म्हणजे चांगलं, हा समज काढून टाका. जीएल-४, जीएल-५ ही दुसरी खूण. डिफ्रेन्शिअलमधले हायपॉइड दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. त्यासाठी सहसा जीएल-५ लागतं, जीएल-४ तिथे कमी पडतं. उलट जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतलं तर काही गाड्यांत आतल्या पितळी रिंगांना त्रास होतो. एकच डबा दोन्हीकडे चालवणारे गॅरेजवाले आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मॅन्युअलचं पान दाखवा. मागे लिमिटेड स्लिप असेल, तर ऑईल वेगळं किंवा खास मिश्रणाचं लागतं. तेही त्याच पुस्तकात असतं.

आणि कोरड्या हायवेवर फोरव्हील लावून पळू नका. जुन्या पद्धतीच्या फोरव्हीलमध्ये त्याने दात्यांवर उगाच ताण येतो.

तारीख, किलोमीटर आणि डब्यावरचा आकडा हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा. बऱ्याच घरांत ती वही अम्मीकडे असते, तिथेच लिहिलेलं सापडतं. काढलेलं काळं ऑईल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ते जुनं ऑईल घेणाऱ्या गॅरेजात द्या.