शंभर फॉरवर्ड, एक साक्षीदार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एकोणतिसावा रोजा नुकताच सुटला होता. तोंडात खजूर, हातात मोबाईल. सात वाजून दहा मिनिटांनी एका ग्रुपवर चंद्रकोरीचा फोटो आला, खाली ‘चाँद मुबारक’. पाच मिनिटांत तोच फोटो आणखी चार ग्रुपांवर आला. इतक्या ठिकाणांहून आला म्हणजे खराच असणार, असं समजून मीही तो चाळीसेक जणांना पाठवला. अम्मीनं शीरखुर्म्यासाठी दूध आटवायला ठेवलं. गल्लीत फटाके वाजले. तरावीहला जाणारे काहीजण अर्ध्या वाटेतून परत फिरले.

कॉलेजातले फिजिक्सचे एक सर माझ्या यादीत होते. शुभेच्छा द्यायच्या सोडून त्यांनी उलट तीन प्रश्न विचारले : फोटो कुणी काढला, कुठून काढला, किती वाजता? मला एकाचंही उत्तर देता येईना. मग त्यांचा फोन आला. ‘सर, एप्रिलमध्ये आपल्याकडे पहिली कोर होडीसारखी आडवी दिसते. ही उभी आहे. शिवाय बरीच जाड आहे. हा आजचा आणि इथला चंद्र नाही.’

रात्री दहानंतर समितीचा निर्णय आला : चंद्र दिसलेला नाही, उद्या तिसावा रोजा. आटलेल्या दुधाकडे बघत अम्मी म्हणाली, ‘प्रोफेसर हुआ ना तू? फोटो देख्या, चाँद नै देख्या.’ तिचं बोलणं लागलं. त्याहून जास्त लागलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, आमच्या गल्लीतल्या तीन घरांनी रोजा ठेवलाच नाही हे कळलं तेव्हा. माझा फोटो पाहून ते झोपले होते, निर्णय त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता. त्यांनी तो रोजा नंतर भरून काढला. मला त्यांनी काही म्हटलं नाही, पण ते घरासमोरून जाताना आजही आठवतं.

त्या प्रसंगानंतर या सरांशी दोस्ती वाढली. ते हौशी खगोलप्रेमी. सुट्टीत दुर्बीण गाडीत घालून अंधार शोधत फिरणारे. त्यांनी मला देवयानी दीर्घिकेचा एक फोटो दाखवला आणि त्यामागची हकिकत सांगितली. ती आज या पानावर सांगायची आहे, कारण चंद्राच्या गवाहीबद्दल मला जे म्हणायचं आहे ते त्या हकिकतीशिवाय नीट सांगता येणार नाही.

देवयानी ही आपल्या आकाशगंगेची मोठी शेजारीण, सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर. काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांना ती पुसट ठिपक्यासारखी दिसते. तिची सगळ्यात जुनी ठाऊक असलेली नोंद अब्द अल-रहमान अल-सूफी यांची. इस्फहानमध्ये आकाश पाहणाऱ्या या विद्वानानं इ.स. 964 च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवरचा आपला ग्रंथ लिहिला आणि त्यात तिला ‘छोटा ढग’ म्हटलं. टॉलेमीची यादी त्यांच्यापुढे होती. ती नुसती उतरवून काढली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी ताऱ्यांची तेजस्विता स्वतः तपासली आणि जिथे पटली नाही तिथे बदलली. तो ढग म्हणजे काय, हे त्यांना कळणं शक्यच नव्हतं. दिसलं तेवढं लिहिलं.

आता त्याच ढगाची अलीकडची गोष्ट. देवयानी ही आकाशात सर्वाधिक फोटो निघणाऱ्या वस्तूंपैकी एक. जगभरच्या हौशी लोकांनी तिचे फोटो काढलेत, मोठ्या वेधशाळांनीही काढलेत. तिच्यात नवं काही सापडेल, असं कुणाला वाटत नव्हतं. फ्रान्समधल्या नान्सी शहराजवळ यान सँती नावाच्या हौशी छायाचित्रकारानं 106 मिलिमीटर भिंगाची दुर्बीण तिच्यावर लावली. हे भिंग आपल्या चहाच्या बशीहूनही लहान. नेहमीच्या फोटोंबरोबर त्यानं ऑक्सिजनच्या निळसर-हिरव्या प्रकाशापुरता एक फिल्टरही वापरला. दीर्घिकांचा उजेड मुख्यतः ताऱ्यांचा असतो, म्हणून तिथे हा फिल्टर लावून तासन्‌तास कुणी घालवत नसे. फ्रान्सचाच झेविए स्ट्रॉटनर आणि जर्मनीतला मार्सेल ड्रेक्सलर हे त्याचे जोडीदार. एकूण 111 तासांचा प्रकाश एकत्र केला, तेव्हा दीर्घिकेच्या शेजारी निळसर वायूचा एक कमानदार पट्टा उमटला. लांबी दीड अंश, म्हणजे पौर्णिमेचे तीन चंद्र ओळीनं मांडावेत एवढी. एवढी मोठी गोष्ट आणि आजवर कुणाला दिसली नव्हती! मोठ्या दुर्बिणींचं आकाश चिंचोळं असतं, हबलला तर देवयानीचं चित्र पुरं करायला शेकडो फोटो जोडावे लागले. शिवाय पट्टा विलक्षण फिका.

111 तास म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवायचं नसतं. दहा-दहा मिनिटांचे किंवा त्याहून लहान असंख्य फोटो काढायचे आणि संगणकावर एकावर एक रचायचे. सरांनी मला हे समजावलं ते मी विसरणार नाही. प्रत्येक फोटोत थोडं खरं असतं आणि पुष्कळ गोंधळ असतो. गोंधळ दर वेळी वेगळा असतो, खरं दर वेळी तेच असतं. रचत गेलं की गोंधळ एकमेकाला खोडतो आणि खरं साचत जातं. शंभर फोटो रचले की चित्र एका फोटोपेक्षा दहापट स्वच्छ होतं. मी खूश होऊन म्हणालो, म्हणजे शंभर साक्षीदार एक बोलले की झालं! ते म्हणाले, ‘नाही. फिल्टरवर धुळीचा डाग असेल, किंवा भिंगात कुठल्या ताऱ्याचं प्रतिबिंब पडत असेल, तर तेही शंभर फोटोंत तसंच असतं. तेही साचतं. शंभर फोटो, पण डोळा एकच.’

मला माझे चार ग्रुप आठवले.

म्हणून या मंडळींनी आपलं चित्र पक्कं धरून गाजावाजा केला नाही. दुसऱ्यांच्या दुर्बिणीत, दुसऱ्या कॅमेऱ्यात, दुसऱ्या ठिकाणाहून तेच दिसतं का, हे आधी पाहिलं गेलं. अमेरिकेतल्या ब्रे फॉल्स या छायाचित्रकारासह इतरांनी आपापल्या साधनांनी तो पट्टा टिपला. डार्टमथ कॉलेजचे रॉबर्ट फेसन यांच्यासारखे व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ सोबत आले. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात टिपण छापून आलं. दहा लेखक, पहिली तीन नावं हौशी माणसांची. पुढे त्या फोटोला ग्रिनिचच्या वेधशाळेच्या स्पर्धेत 2023 चा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

हा पट्टा देवयानीचा आहे की तिच्या वाटेत आपल्याच आकाशगंगेत कुठेतरी आहे, याचा वाद अजून चालू आहे. एका म्हाताऱ्या ताऱ्यानं टाकलेल्या वायूचा तो माग असावा, असं सांगणारा अभ्यासही आला आहे. तसं ठरलं तर देवयानीशी त्याचं नातं संपेल. पण ‘अमुक जागी, अमुक रंगाचा उजेड आहे’ ही त्या तिघांची गवाही पुसली जाणार नाही. काय दिसलं आणि त्याचा अर्थ काय, हे त्यांनी वेगवेगळं ठेवलं होतं. अल-सूफींनीही तेच केलं होतं.

आता आपल्या गच्चीवर येऊ. चंद्र डोळ्यांनी पाहून महिना ठरवायचा, या रिवाजाला काहीजण हसतात. गणितानं सेकंदापर्यंत सगळं कळतं, मग गच्चीवर कशाला चढता, असं माझे काही हिंदू मित्र विचारतात आणि काही मुस्लिम मित्रही. मी त्यांच्या बाजूचा नाही. गच्चीवर चढण्यात मजा आहे, आणि सगळी गल्ली एकाच दिशेला बघते असे प्रसंग आता फार उरलेले नाहीत. माझी तक्रार वेगळी आहे. पाहण्याचे जे कडक नियम आपल्याच घरात आहेत, ते आपण विसरलो.

हनफी फिकहचं उदाहरण घ्या. आकाशात ढग असतील तर रमजानच्या चंद्रासाठी एका भरवशाच्या माणसाची गवाही चालते, ईदच्या चंद्रासाठी दोन लागतात. पण आकाश स्वच्छ असेल तर एक-दोघांवर भागत नाही, मोठा समूह लागतो. कारण सरळ आहे : आभाळ मोकळं असताना चंद्र खरोखर असेल तर तो दोघांनाच कसा दिसेल? हदीसच्या अभ्यासात ‘मुतवातिर’ अशी एक संज्ञा आहे. प्रत्येक पिढीत इतक्या लोकांनी सांगितलेली गोष्ट, की सगळ्यांनी मिळून खोटं रचणं अशक्य व्हावं. तिथे नुसती डोकी मोजत नाहीत. कुणी कुणाकडून ऐकलं, ही साखळी तपासतात. दहा जणांनी एकाच माणसाकडून ऐकलं असेल तर मुळाशी सांगणारा एकच धरतात. सरांनी धुळीच्या डागाबद्दल सांगितलं तेव्हा हे सगळं मदरशातल्या माझ्या मामूंकडून लहानपणी ऐकलेलं मला आठवलं. ज्या परंपरेनं साखळी तपासायला शिकवलं, तिचा एक पदव्युत्तर वारस त्या संध्याकाळी न तपासता फॉरवर्ड करत होता.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. चंद्र पाहणाऱ्यानं काय पाहिलं ते नीट लिहून द्यावं : गाव, वेळ, क्षितिजापासून अंदाजे किती वर, कोरीची टोकं कुठल्या बाजूला. गावात जे कुणी आकाश ओळखणारे असतील, कुठल्याही धर्माचे, त्यांना त्या संध्याकाळी सोबत बोलवावं. निर्णय उलेमांचाच. पण ज्या दिवशी चंद्र सूर्याच्या आधीच मावळतो, त्या दिवशीची गवाही खरी असू शकत नाही, एवढं सांगणारा माणूस शेजारी उभा असेल तर समितीचंच काम हलकं होईल. महाराष्ट्रात अशी माणसं कमी नाहीत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे. मुंबईच्या खगोल मंडळाची माणसं वांगणीच्या माळावर रात्री जागवत आली आहेत. यात कुणाच्या अधिकारावर अतिक्रमण होतं असं वाटत असेल, तर मला ते पटत नाही. नान्सीच्या छायाचित्रकारानं प्राध्यापकांना सोबत घेतलं तेव्हा फोटो त्याचाच राहिला.

यंदा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला. पहिल्या दिवसांत मगरिबनंतर तासाभरानं, चंद्राच्या जागेपासून उजवीकडे, वायव्येला देवयानी होती. आमच्या बाजाराच्या दिव्यांत ती दिसली नाही, पण होती. आता ती खाली उतरली आहे. सहेरीला उठणाऱ्यांनी मात्र फजरच्या अजानआधी आग्नेय-दक्षिणेकडे बघावं. गावाबाहेर असाल तर आपल्या आकाशगंगेचा दाट भाग तिथे वर आलेला असतो.

या एकोणतिसाव्याला सर आपली दुर्बीण मशिदीच्या गच्चीवर आणायला तयार झाले आहेत. जिना अरुंद आहे, पण मुलं उचलून नेतील. त्यांची एकच अट आहे : गच्चीवरचा मोठा हॅलोजन तेवढा पाऊण तास बंद ठेवायचा. त्यासाठी ट्रस्टींशी बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे. इफ्तारनंतर गाठतो त्यांना.