मैदान, महापूर आणि दोन संडास

जुलै उजाडला की सांगलीतल्या दवाखान्यात येणारा माणूस आधी पाण्याची पातळी विचारतो, मग आपले दुखणे सांगतो. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २००५ च्या पुरानंतर असे पाणी पुन्हा यायचे नाही, असे आपण म्हणत होतो. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले, २०२१ मध्ये पुन्हा घरांत शिरले.

२०१९ मध्ये मी एका छावणीत रुग्ण तपासायला जात असे. जुलाब-उलट्यांची तयारी करून गेलो होतो. पण बायकांची तक्रार निराळीच निघाली : लघवीला जळजळ, ओटीपोटात कळा, थंडी वाजून ताप. खोदून विचारले तेव्हा एक आजी म्हणाल्या, "डॉक्टर, पाणी प्यालं की जावं लागतंय. जायचं कुठं?" शेकडो माणसांना संडास दोन. एकाला कडी नाही, दुसऱ्यात दिवा नाही. म्हणून बाया दिवसभर घसा कोरडा ठेवून बसत. सुरुवातीच्या दिवसांत निदान ५० माणसांमागे एक आणि पुढे २० माणसांमागे एक संडास हवा, असा मदतकार्यातला मान्य मापदंड आहे.

हे आज आठवायचे कारण, आमच्या भागात क्रीडांगण सुधारण्याची चर्चा चालू आहे. यादीत गॅलरीला रंग आहे, मोठे दिवे आहेत, उघड्यावरची व्यायामाची यंत्रे आहेत. मी खेळाच्या विरुद्ध नाही. मधुमेहाच्या रुग्णांना मीच रोज मैदानावर पिटाळतो. पण कबड्डी खेळणाऱ्या मुलींनाही तिथे कपडे बदलायला आडोसा लागतो. तो आडोसा, संडास आणि पाण्याची टाकी २०१९ च्या पूरखुणेच्या वर बांधली, तर मुलींची वर्षभर सोय होईल आणि पुरात छावणीचीही. अशी उंच जागा मैदानात नसेल तर ते बांधकाम दुसरीकडे करा. पूररेषेतल्या मैदानावर मात्र भराव घालू नका. तिथे पसरणारे पाणी अडवले तर ते शेजारच्या गल्लीत शिरते.

दुसरी गोष्ट पोहण्याची. पूर्वी पाठीला डबा किंवा भोपळा बांधून पोरे नदीत पोहायला शिकत. आता नदीकाठच्या घरांतही न पोहणारी मुले भेटतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. त्या लोंढ्यात पट्टीचा पोहणाराही हतबल होतो, हे खरे. म्हणून पोहणे शिकवताना लाइफ जॅकेट बांधायला आणि बोटीत गर्दी न करायलाही शिकवावे. व्यायाम मंडळांच्या तरुणांना हे जमेल.

पाणी ओसरल्यावर मुलांना लगेच मैदानावर सोडू नका. चिखलात उंदरांच्या मुत्रातले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असतात आणि पायाच्या भेगांतून ते अंगात शिरतात. गाळ काढून, चार-आठ दिवस कडक ऊन लागून जमीन नीट सुकू द्या. चिखल तुडवलेल्या कोणालाही ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्या तर अंगावर काढू नये. प्रतिबंधक गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना त्या परस्पर देऊ नयेत.

प्रभागाच्या पुढच्या बैठकीला मी जाणार आहे. त्या यादीत संडासाचा नंबर कितवा, एवढेच विचारायचे आहे.