धागा : रोहिणखेडची गोळी आणि ‘पल्ल्या’चे तक्ते

बंदुकांची तुलना करणारे तक्ते समाजमाध्यमांवर नित्य फिरत असतात. वर दख्खनी तोड्याची बंदूक, तिच्याखाली इंग्रजांची ब्राऊन बेस, मग थ्री नॉट थ्री, मग ७.६२, शेवटी .३३८ लापुआ, आणि प्रत्येकीपुढे ‘पल्ला’ या शीर्षकाखाली एकच आकडा. तो आकडा माणसाएवढ्या लक्ष्यावरचा की मोकळ्या रानात गोळी जाऊन पडण्याचा, समुद्रसपाटीच्या हवेतला की लडाखच्या, याचा उल्लेख कोठेही नसतो. तरीही त्याच्या बळावर राज्ये जिंकवली आणि हरवली जातात. या पद्धतीला इतिहास म्हणणे कठीण आहे. पदार्थविज्ञान म्हणणे त्याहून कठीण.

आरंभ रोहिणखेडपासून करणे योग्य, कारण तेथे गोळीने खरोखरच राज्याचा धनी बदलला. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील हे गाव बालाघाटाच्या पायथ्याशी, खानदेशातून वऱ्हाडच्या पठारावर चढणाऱ्या वाटेवर वसले आहे. खुदावंदखान महदवीने १५८२ मध्ये बांधलेली मशीद तेथे आहे. १५९१ मध्ये (गॅझेटियरांत १५९०) याच गावापाशी अहमदनगरच्या गादीचा निकाल लागला. गादीवर इस्माईल निजामशाह हा अल्पवयीन मुलगा होता. कारभार महदवी पंथाचा सरदार जमालखान पाहत होता. गादीवर हक्क सांगत आला होता खुद्द इस्माईलचा बाप बुऱ्हाण, आणि त्याच्या पाठीशी खानदेशचा राजा अलीखान होता. लढाईत जमालखान गोळी लागून पडला, त्याचे सैन्य फुटले, बाप मुलाच्या गादीवर बसला आणि अहमदनगरातील महदवींचे वर्चस्व संपले.

अशा प्रसंगाला ‘स्नायपर’चे रूप देण्याचा मोह अनावर असतो. फरिश्त्याच्या वृत्तांतात गोळी आहे. अंतर नाही, बंदुकीची जात नाही. तक्तेवाले मात्र ती रिकामी जागा आपल्या आकड्याने भरतात आणि मग त्या आकड्यालाच पुरावा मानतात. जमालखानाची फौज त्याआधी धाराशिवजवळ विजापूरच्या दिलावरखानाशी झुंजून उत्तरेकडे वळली होती, वऱ्हाडचे सरदार बुऱ्हाणला जाऊन मिळाले होते, आणि सारी सत्ता एका माणसाच्या जिवावर उभी होती. तो माणूस तिरानेही पडला असता, तरी निकाल तोच लागता. याच ठिकाणी १४३७ मध्ये बहमनी सेनानी खलफ हसनाने खानदेशच्या नसीरखानाचा पराभव केला होता. त्या विजयाचे श्रेय कोणी कोणत्या बंदुकीला देत नाही. वाट तीच होती, आणि अडवणाऱ्याला ती तेव्हाही तितकीच सोयीची होती.

आता गोळीकडे वळू. तोड्याच्या बंदुकीतून सुटते ती शिशाची गोल गोळी. ऑस्ट्रियातील ग्राझच्या शस्त्रागारात जतन केलेल्या जुन्या बंदुका १९८८–८९ मध्ये प्रत्यक्ष झाडून पाहिल्या गेल्या, तेव्हा नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला सुमारे ४५० मीटर भरला. हा वेग क्षुल्लक नव्हे; आजच्या बहुतेक पिस्तुलांहून तो अधिक आहे. परंतु शंभर मीटरांवर तो ३०० च्या आसपास उतरतो आणि गोळीची ऊर्जा निम्म्याहून कमी राहते. याचे कारण दारूत नसून आकारात आहे. गोल वस्तूला हवा फार अडवते, आणि तिच्या छेदाच्या मानाने तिचे वजन थोडे असते.

हे प्रथम मोजून दाखवले बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने, १७४२ मध्ये. टांगलेल्या लंबकावर गोळी झाडायची आणि लंबक किती हलला त्यावरून तिचा वेग काढायचा, अशी त्याची साधी पण विलक्षण युक्ती होती. बंदुकीच्या गोळीला हवेचा होणारा अवरोध तिच्या वजनाच्या शंभरपटीहून अधिक असतो, हा त्याचा निष्कर्ष तत्कालीन तोफखान्याच्या पंडितांना पचला नाही. (हाच रॉबिन्स पुढे कंपनीच्या नोकरीत मद्रासकडे आला आणि १७५१ मध्ये फोर्ट सेंट डेव्हिडला वारला. बॅलिस्टिक्सच्या जनकाची अखेर हिंदुस्थानात झाली, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.) हवाच नसती तर ४५० मीटर वेगाची गोळी वीस किलोमीटरांवर जाऊन पडली असती. आजची ७.६२ × ५१ची गोळी सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने निघते. निर्वातात ती सत्तर किलोमीटर जाईल, प्रत्यक्षात ती चार किलोमीटरांच्या आसपास थकते. उरलेली सहासष्ट किलोमीटर हवेने खाल्ली. पल्ल्याची चर्चा ही मुळात हवेची चर्चा आहे, आणि तक्त्यांत नेमकी हवाच गैरहजर असते.

‘आमच्या बंदुका लांब मारत, म्हणून श्रेष्ठ’ असे म्हणणारा एक पक्ष आहे, आणि ‘आमच्या बंदुका मागास, म्हणून आम्ही हरलो’ असे म्हणणारा दुसरा. दोघांचाही पाया एकच आणि तितकाच कच्चा. काबूलच्या खिंडींत १८३९–४२ च्या युद्धात अफगाणांच्या जेझैलींनी इंग्रजी पायदळाला बंदुकीच्या टप्प्याबाहेरून घायाळ केले, हे खरे. ब्राऊन बेसची नळी सुमारे १९ मिलिमीटरची आणि गोळी साडेसतराची. झटपट भरता यावी म्हणून ती मुद्दाम सैल ठेवलेली. जेझैलीची गोळी घट्ट बसे, नळी लांब असे, दारू अधिक पडे, बंदूक टेकूवर ठेवून शिस्त धरली जाई, आणि मारणारा डोंगरावर निवांत बसलेला असे. मराठी कागदपत्रांतील जेजाला याच कुळातल्या. मात्र मैदानात मिनिटाला दोनतीन फैरी झाडणारी रांग हवी असेल, तर त्याच जेझैलीचा गुण दोष ठरतो. ‘कोणती बंदूक श्रेष्ठ’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या कामाला’ हा प्रश्न विचारला नाही, तर पहिल्याचे उत्तर निरर्थक आहे.

पोलिसांच्या हातात अलीकडेपर्यंत दिसणारी थ्री नॉट थ्री घ्या. जुन्या लांब ली-एनफिल्डवर सामुदायिक फैरींसाठी २,८०० वारांपर्यंतचे आकडे कोरलेले असत. अडीच किलोमीटरांवर एका माणसाला टिपावे, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. दूरच्या घोळक्यावर तुकडीने मिळून गोळ्यांचा पाऊस पाडावा, एवढाच होता. पहिल्या महायुद्धाच्या ऐन धुमाळीत ती सोय काढून टाकण्यात आली. त्याआधी, १९१० मध्ये, इंग्रजांनी तिचे काडतूसच बदलले होते. सुमारे १४ ग्रॅमची बोथट नाकाची गोळी जाऊन ११.३ ग्रॅमची टोकदार गोळी आली, आणि वेग सुमारे ६३० वरून ७४४ मीटरांवर गेला. बंदूक तीच, व्यास तोच, वर्तन मात्र वेगळे. ‘थ्री नॉट थ्रीचा पल्ला’ म्हणून एक आकडा देणाऱ्याने यांतली कोणती गोळी धरली आहे?

सर्वांत मोठा गोंधळ ‘७.६२’ या आकड्यावर होतो. एके-२०३ची ७.६२ × ३९, सिग-७१६ची ७.६२ × ५१ आणि द्रागुनोव्हची ७.६२ × ५४ ही तीन वेगळी काडतुसे आहेत. पहिलीची ऊर्जा २,००० जूलच्या घरात, दुसरीची ३,३०० च्या. नाव अर्धे वाचून त्यांची सरमिसळ करायची आणि त्यावरून लष्कराच्या खरेदीचे शहाणपण ठरवायचे, हा उद्योग आता नित्याचा झाला आहे.

इन्सासच्या ५.५६ला ‘दुबळी’ म्हणून हिणवणाऱ्यांचेही तसेच. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, वरणगावच्या आयुध निर्माणीत ही काडतुसे तयार होतात, त्यामुळे या भागात तरी हा विषय परका नसावा. ५.५६ची चार ग्रॅमची गोळी ७.६२ × ५१पेक्षा सेकंदाला सुमारे ९० मीटर अधिक वेगाने निघते. पाचशे मीटरांपर्यंत ही आघाडी पुसली जाते, कारण हलकी गोळी हवेपुढे लवकर नमते. हजार मीटरांवर ७.६२ची साधी लष्करी गोळीही ध्वनीच्या वेगाखाली आलेली असते आणि त्या सीमेवर तिचा तोल ढळू लागतो; .३३८ लापुआची १६ ग्रॅमची लांबट गोळी तेव्हाही ध्वनीहून बरीच पुढे असते. म्हणजे ५० मीटरांवर एक क्रम, ५०० वर दुसरा, १,००० वर तिसरा.

तक्ते ज्याचा गौरव करतात तो ‘सपाट मार्ग’ही दूरच्या नेमबाजीत तितका मोलाचा नाही. १०० मीटरांवर बसवलेल्या माशीने झाडलेली ७.६२ हजार मीटरांवर दहा मीटरांहून अधिक खाली जाते. पण हे खाली जाणे आधी गणित करून काढता येते, आणि अंतर ठाऊक असले की चकती फिरवून भरून काढता येते. वारा असा हिशेबात बसत नाही. एकाच वाऱ्यात हजार मीटरांवर ७.६२ ही .३३८च्या जवळपास दुप्पट बाजूला सरकते, आणि नेमबाजाचा वाऱ्याचा अंदाज चुकला तर त्या चुकीचा परिणामही त्याच प्रमाणात दुप्पट होतो. दूर पल्ल्याच्या काडतुसासाठी जास्तीचे वजन, जास्तीचा धक्का आणि जास्तीची किंमत सोसली जाते ती मुख्यतः यासाठी. लडाखमध्ये साडेचार हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाहून कमी असते. तेथे हीच गोळी अधिक दूर आपला वेग टिकवते, आणि सपाटीवर बसवलेली माशी वरच्या बाजूला चुकते.

पुढच्या वेळी असा तक्ता समोर आला, तर तो पसरवणाऱ्याला गोळीचे वजन, तिचा आकार, हवेची उंची, वारा आणि तुलनेचे अंतर विचारावे. आणि तक्त्याच्या पहिल्या ओळीत दख्खनी बंदूक असेल, तर गोळी घट्ट होती की सैल, हेही.